कृत्रिम धाग्यांवरचा जैविक लेप : कुठे गरज, कुठे नुसती जाहिरात

नळदुर्ग : सोलापूर-हैदराबाद महामार्गावर सोलापूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेले नळदुर्ग ओळखले जाते ते बोरी नदीकाठच्या भुईकोट किल्ल्यामुळे आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 मध्ये, नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालामुळे. कापडाच्या धंद्याशी या गावाचा संबंध आतापर्यंत एवढाच, की सोलापुरी चादरी आणि टॉवेल लादलेल्या मालमोटारी येथून पूर्वेकडे जातात. मात्र धाराशिव शहराजवळच्या कौडगाव औद्योगिक क्षेत्रात तांत्रिक वस्त्रोद्योगाचे संकुल उभारण्याचा प्रस्ताव पुढे आल्यापासून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या पट्ट्यात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तांत्रिक वस्त्र म्हणजे नेमके काय, आणि चादरीच्या कापडापेक्षा त्याला मोल का?

अंग झाकण्यासाठी किंवा शोभेसाठी नव्हे, तर विशिष्ट काम करून घेण्यासाठी विणलेले कापड म्हणजे तांत्रिक वस्त्र, ही त्याची सोपी व्याख्या. रस्त्याखाली अंथरायचे कापड, शेततळ्याचे आच्छादन, मोटारीचा सुरक्षा पट्टा, शस्त्रक्रियेचा धागा ही सारी त्याचीच रूपे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2020 मध्ये 1,480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले. राज्याच्या 2023 ते 2028 या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणातही या शाखेवर भर आहे. या शाखेतील सर्वांत नाजूक आणि म्हणूनच सर्वांत महाग काम म्हणजे कृत्रिम धाग्यावर असा लेप चढवणे, की तो धागा रक्ताशी, पेशींशी किंवा जंतूंशी ठरवून दिलेल्या रीतीने वागेल. हा लेप काय करतो, कोठे तो रुग्णाचा जीव वाचवतो आणि कोठे केवळ किंमत वाढवतो, हे समजून घेणे ग्राहकाला आणि उद्योजकाला सारखेच उपयोगाचे आहे.

मुका धागा

एकेकाळी घरोघरी 'टेरिलीन' आणि 'टेरिकॉट' या नावांनी पोहोचलेले पॉलिएस्टर 1941 मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधील व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधले. पॉलिएस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन हे सारे बहुवारिक म्हणजे पॉलिमर. लहान रेणूंच्या कड्या जोडून बनलेली लांब साखळी. ही साखळी ताणली की मजबूत धागा होतो. तो कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही.

त्याचा दोषही या गुणांतच दडलेला आहे. सोलापूरच्या कोणत्याही रंगाऱ्याला हे ठाऊक असते. सुती धाग्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. मीठ आणि सोडा घातलेल्या कुंडातला रिॲक्टिव्ह रंग त्यांना धरून बसतो. पॉलिएस्टरवर असे हातच नसतात. त्याला रंगवायचे तर बंद भांड्यात दाबाखाली 130 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वेगळ्या प्रकारचा रंग धाग्याच्या आत शिरवावा लागतो. रंग जेथे टिकत नाही तेथे औषध किंवा प्रथिन कसे टिकावे? पॉलिप्रॉपिलीन तर याहून अलिप्त.

शरीरात गेल्यावर मात्र हा अलिप्तपणा टिकत नाही. धागा रक्ताला लागताच काही सेकंदांत रक्तातील प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर चिकटू लागतात. त्यांत रक्त गोठण्यात भाग घेणारे फायब्रिनोजेन असते. त्याला पाहून बिंबाणू म्हणजे प्लेटलेट येतात आणि गुठळी बनण्यास सुरुवात होते. म्हणजे धागा स्वतः काही बोलत नाही, पण शरीर त्याच्या पृष्ठभागावर स्वतःच काहीतरी लिहून ठेवते आणि त्यानुसार वागते. लेपाचा हेतू हा, की तो मजकूर आधीच, आपल्याला हवा तसा लिहिलेला असावा.

लेप चिकटतो कसा

यासाठी प्रथम धाग्याच्या पृष्ठभागावर हात निर्माण करावे लागतात. सर्वांत जुनी रीत कॉस्टिक सोड्याची. पॉलिएस्टर साडी मऊसूत करण्यासाठी कापड गिरण्या हीच प्रक्रिया वापरतात; सोडा पृष्ठभागावरील बंध तोडतो आणि तेथे कार्बोक्झिल व हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. मात्र सोडा जास्त लागला तर धागाच झिजतो. दुसरी रीत प्लाझ्माची. कमी दाबाखाली विद्युतभारित केलेल्या वायूतून कापड फिरवले, की त्याच्या बाहेरच्या काही नॅनोमीटरच्याच थरात बदल होतो आणि आतील मजबुती शाबूत राहते. याचीही एक अडचण आहे. दिवस जातात तसा धागा पूर्वीच्या अलिप्तपणाकडे परततो, त्यामुळे प्लाझ्मानंतर लेप लवकर द्यावा लागतो. लांबवर पाठवून सवडीने लेप देण्याची सोय येथे नाही.

तिसरी रीत कोकणातल्या खडकांवर पाहायला मिळते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिनाणे नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिंपल्या लाटांचा मारा सहन करत ओल्या, खाऱ्या खडकाला चिकटून राहतात. ओल्या पृष्ठभागावर आपला कोणताही गोंद टिकत नाही, तेथे या जीवाच्या तंतूंतील प्रथिने टिकतात. त्यांतील रासायनिक गट ओळखून अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील हेशिन ली, फिलिप मेसरस्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक साधी कृती प्रसिद्ध केली. किंचित अल्कधर्मी पाण्यात डोपामिन विरघळवायचे आणि त्यात वस्तू बुडवून ठेवायची. दिवसभरात सुमारे 50 नॅनोमीटर जाडीचा पॉलिडोपामिनचा थर कोणत्याही वस्तूवर, टेफ्लॉनवरसुद्धा, बसतो आणि त्या थरावर पुढचे प्रथिन किंवा औषध जोडता येते. पॉलिएस्टरचा एक तंतू दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा धरला, तर हा थर त्याच्या दोनशे ते चारशेव्या हिश्श्याएवढा भरतो.

या पायावर काय बांधायचे, हे काम पाहून ठरते. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन बांधतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते. येथे एक बारकावा आहे. हेपरिन सपाट चिकटवले तर त्याचा कार्यकारी भाग दबून जातो. म्हणून ते एका टोकाने बांधून दुसरे टोक रक्तात मोकळे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पेशींनी धाग्यावर येऊन वस्ती करावी असे वाटत असेल तर कोलॅजेन किंवा जिलेटिन लावतात, किंवा अर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीनच अमिनो आम्लांची छोटी साखळी जोडतात. पेशी फायब्रोनेक्टिन या प्रथिनातील हीच तीन अक्षरे ओळखून तेथे पाय रोवते, हे पिअर्सबाकर आणि रुओस्लाटी यांनी 1984 मध्ये दाखवले. जंतू मारायचे असतील तर चांदी, ट्रायक्लोसॅन, क्वाटर्नरी अमोनियम संयुगे किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन असे पर्याय आहेत.

गळणारी नळी

लेपाविना चालणारच नाही, असे सर्वांत स्पष्ट उदाहरण कृत्रिम रक्तवाहिनीचे. अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी 1950 च्या दशकात पॉलिएस्टरच्या कापडाची नळी शिवून ती महारोहिणीच्या जागी बसवण्याचे तंत्र प्रचलित केले. दुकानात ते नायलॉन घ्यायला गेले होते, ते संपले होते म्हणून विक्रेत्याने डॅक्रॉन हे नवे कापड दिले, आणि पहिल्या नळ्या त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या, असे ते स्वतः सांगत. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लाखो रुग्णांच्या पोटात असणाऱ्या या वस्तूची निवड एका दुकानातल्या शिल्लक मालाने केली!

विणलेल्या नळीला छिद्रे असतात. पेशी आत वाढण्यासाठी ती हवीच असतात. पण रक्त सुरू होताच त्यांतून गळती लागते. यावरचा जुना उपाय म्हणजे शस्त्रक्रियेआधी रुग्णाचेच रक्त नळीत चोळून ते गोठू देणे. पोटातली महारोहिणी फुटलेला रुग्ण टेबलावर असताना या कामाला वेळ कोठून आणायचा? शिवाय रक्त पातळ राहावे म्हणून रुग्णाला हेपरिन दिलेले असेल तर ते गोठतही नाही. 1980 च्या दशकापासून कारखान्यातच कोलॅजेन, जिलेटिन किंवा अल्ब्युमिनचा लेप दिलेल्या नळ्या वापरात आल्या आणि ही पायरी गळून पडली. जिलेटिनचा लेप सुमारे दोन आठवड्यांत विरघळतो आणि तोवर रुग्णाच्या स्वतःच्या ऊती ती जागा घेऊ लागतात. जंतुसंसर्गाची भीती असेल तेथे शल्यविशारद अशी नळी रिफाम्पिसिनच्या द्रावणात बुडवूनही वापरतात, कारण जिलेटिन ते औषध धरून ठेवते. मांडीच्या खाली, अरुंद वाहिन्यांत, जेथे गुठळीचा धोका मोठा असतो, तेथे हेपरिन बांधलेल्या टेफ्लॉन जातीच्या नळ्या वापरल्या जातात.

आपल्या देशात अशा कामाची मोठी परंपरा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेची. तेथे बनलेली हृदयाची कृत्रिम झडप डिसेंबर 1990 मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि त्यानंतर एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत ती पोहोचली. या झडपेला हृदयाशी टाके घालून जोडण्यासाठी भोवती पॉलिएस्टरच्या कापडाचे कडे असते. शरीराची ऊती त्या कापडाच्या विणीत शिरून झडप घट्ट धरते. म्हणजे त्याच धाग्याचा, नळीत अडचणीचा ठरणारा गुण येथे उपयोगी पडतो.

दोंडाईचाची मच्छरदाणी

लेपाची गरज तपासताना महाराष्ट्रातले एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागी कृत्रिम धाग्याची जाळी बसवतात. बाजारातली आयात जाळी महाग, आणि गावाकडच्या मजुराला ती परवडणारी नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड तपासून पाहिले. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या संयुक्त बहुवारिकाचे हे कापड स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी जाळीऐवजी वापरले, आणि देशातील अन्य शल्यचिकित्सकांसह त्या अनुभवाचा अहवाल 2003 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केला. महागड्या जाळीच्या तुलनेत या तुकड्याची किंमत नगण्य होती.

शंका घेणारे पुष्कळ होते, आणि शंका घेणे रास्तच होते. त्यांना उत्तर देणारी सर्वांत काटेकोर चाचणी युगांडात झाली. 2016 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 302 पुरुषांवर, काहींना मच्छरदाणीच्या जातीची स्वस्त जाळी तर काहींना व्यापारी जाळी वापरून, हर्नियाची शस्त्रक्रिया करण्यात आली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत हर्निया पुन्हा उद्भवण्याच्या किंवा गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

या जाळीवर कोणताही लेप नव्हता. स्नायू आणि कातडी यांच्यामध्ये ती बसते, तेथे ऊतीने तिच्यात शिरून ती धरावी एवढेच अपेक्षित असते, आणि ते काम उघडा धागा चांगले करतो. पण हीच जाळी पोटाच्या पोकळीत, आतड्यांना लागून बसवायची झाली तर चित्र उलटते. आतडे तिला चिकटते, पीळ पडतो, छिद्रही पडू शकते. म्हणून आतड्याकडच्या बाजूला कोलॅजेनसारख्या विरघळणाऱ्या थराचा लेप दिलेल्या जाळ्या बनवाव्या लागल्या. तो थर विरघळेपर्यंत पोटाच्या आतले अस्तर नव्याने तयार होऊन जाळीवर पांघरूण घालते. एकाच शस्त्रक्रियेच्या दोन प्रकारांत एका ठिकाणी लेप अनावश्यक आणि दुसऱ्या ठिकाणी अपरिहार्य. दुकानात विकल्या जाणाऱ्या, कीटकनाशकाचा लेप दिलेल्या मच्छरदाणीचे कापड या कामाला कदापि चालणार नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

टाक्याच्या धाग्याचा वाद

विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा आता तालुक्याच्या रुग्णालयातही वापरला जातो. ग्लायकोलाइड 90 टक्के आणि लॅक्टाइड 10 टक्के अशा मिश्रणाचा पॉलिग्लॅक्टिन हा त्यातला सर्वपरिचित. दोन आठवड्यांनी त्याची सुमारे तीन चतुर्थांश ताकद शिल्लक असते आणि साधारण दोन ते सव्वादोन महिन्यांत तो शरीरात जिरून जातो. हा धागा बारीक तंतू गुंफून बनवतात, त्यामुळे तो खरखरीत असतो. ऊतीतून सहज सरकावा म्हणून त्यावर त्याच जातीच्या बहुवारिकाचा आणि कॅल्शियम स्टिअरेटचा लेप पूर्वीपासूनच असतो.

या गुंफणीच्या फटींत जंतू दडून बसतात. म्हणून लेपातच ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक मिसळलेला धागा अमेरिकेत 2002 पासून मिळू लागला. एका मीटर धाग्यावर जास्तीत जास्त 472 मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी औषध. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत असे धागे वापरण्याची शिफारस केली. मात्र ती सशर्त होती. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही 2021 मध्ये त्यांना अनुकूलता दर्शवली.

त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये फाल्कन चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतील 54 रुग्णालयांत, पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या 5,788 रुग्णांचा त्यात समावेश होता. श्रीमंत देशांतील नव्हे, तर आपल्यासारख्या देशांतील रुग्णालये त्यात होती, म्हणून तिचे महत्त्व अधिक. जखमेत संसर्ग होण्याचे एकूण प्रमाण 22 टक्के निघाले, म्हणजे जवळपास दर पाचांत एक रुग्ण. आणि ट्रायक्लोसॅनचा लेप दिलेल्या व न दिलेल्या धाग्यांत सरस-नीरस असे काही सिद्ध झाले नाही.

याचा अर्थ लेप खोटा आहे, असा नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत तो धागा स्वतःभोवती जंतू वाढू देत नाही, हे वारंवार दिसले आहे. पण शस्त्रक्रियेला झालेला उशीर, आधीच दूषित झालेले पोट, रुग्णाचे कुपोषण, हात धुण्याची आणि उपकरणे निर्जंतुक करण्याची शिस्त यांच्यापुढे अर्ध्या मिलिग्रॅमचा लेप अपुरा पडतो, असा या निष्कर्षाचा अर्थ लावता येतो. सरकारी रुग्णालयाच्या खरेदी समितीपुढे साधा आणि लेप दिलेला असे दोन दर येतात, तेव्हा या दोन्ही प्रकारचे पुरावे टेबलावर असायला हवेत. ट्रायक्लोसॅनच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे ती जंतूंच्या प्रतिकारशक्तीची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून हे द्रव्य हद्दपार केले, कारण साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

करोनाचे दिवस

जंतुरोधक लेपाचे नाव सामान्य ग्राहकाच्या कानी सर्वाधिक पडले ते 2020 आणि 2021 मध्ये. पुण्यातील थिंकर टेक्नॉलॉजीज या नवउद्योगाने त्रिमितीय छपाई आणि औषधनिर्मिती यांची सांगड घालून एक मास्क तयार केला. त्याच्या कापडावर सोडियम ओलेफिन सल्फोनेट या साबणाच्या जातीच्या द्रव्याचा लेप होता. करोनाच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते. या द्रव्याचे एक टोक स्निग्ध पदार्थाकडे तर दुसरे पाण्याकडे ओढ घेणारे असल्यामुळे ते आवरण फाटते आणि विषाणू निष्प्रभ होतो. हात धुताना जे घडते तेच येथे कापडावर घडवले गेले. केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने या प्रकल्पाला साह्य केले, आणि 2021 मध्ये नंदुरबार, नाशिक व बेंगळुरू येथील सरकारी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसह इतरांना एका स्वयंसेवी संस्थेमार्फत असे सहा हजार मास्क वाटले गेले. सौंदर्यप्रसाधनांत पूर्वीपासून वापरले जाणारे, परिचित द्रव्य निवडणे हा या प्रयोगातला शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल.

त्याच काळातली दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मार्च 2020 मध्ये 'करोनारोधक' गादीची जाहिरात केल्यावरून भिवंडीतील एका उत्पादकावर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. शर्टापासून पडद्यापर्यंत सर्व काही 'विषाणूरोधक' म्हणून विकले जात होते. कापडावरचा विषाणू मरतो असे गृहीत धरले तरी हा आजार प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो, गादीतून नव्हे, एवढा साधा विचारही त्या गर्दीत हरवला होता.

दाव्याची भाषा वाचण्याची एक युक्ती आहे. वेष्टनावर '99 टक्के जंतूंचा नाश' असे मोठ्या अक्षरांत असते. दहा लाख जंतूंपैकी 99 टक्के मेले तर दहा हजार उरतात, 99.99 टक्के मेले तर शंभर. कापडाच्या जंतुरोधक चाचणीत (आयएसओ 20743) आणि विषाणूरोधक चाचणीत (आयएसओ 18184) कापडावर ठरावीक संख्येने जंतू किंवा विषाणू सोडून ठरावीक वेळेनंतर उरलेले मोजतात. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या जंतूवर, किती वेळात, आणि किती धुण्यांनंतर? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जाहिराती उत्तर देत नाहीत.

धुण्याची परीक्षा

लेप टिकवण्याच्या बाबतीत मच्छरदाणीने कपड्याला धडा द्यावा अशी स्थिती आहे. गडचिरोलीसारख्या मलेरियाग्रस्त जिल्ह्यांत सरकारने वाटलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या दोन प्रकारांनी बनतात. पॉलिएथिलीनच्या धाग्यात कीटकनाशक वितळतानाच मिसळतात, तर पॉलिएस्टरच्या धाग्यावर ते एका राळेत मिसळून लेपतात. डेल्टामेथ्रिनचा लेप असलेल्या पॉलिएस्टर जाळीवर एका चौरस मीटरला साधारण 55 मिलिग्रॅम औषध असते. अशा मच्छरदाणीचा प्रभाव किमान 20 धुण्यांनंतर आणि तीन वर्षांच्या वापरानंतर शिल्लक असला पाहिजे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. पृष्ठभागावरचे औषध डासाच्या पायाला लागते किंवा धुतले जाते, तेव्हा राळेतून नवे औषध वर येते. यापूर्वी दर सहा-बारा महिन्यांनी मच्छरदाण्या औषधात बुडवण्याच्या मोहिमा काढाव्या लागत. आदिवासी पाड्यांवर ते काम किती अवघड, हे आरोग्यसेवकांना सांगायला नको.

याउलट जंतुरोधक मोज्यांचे पाहा. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये बाजारातले चांदीयुक्त मोजे विकत आणून पाण्यात खळबळले. काही मोज्यांतली जवळपास सर्व चांदी चार धुण्यांतच पाण्यात गेली. ग्राहकाने मोजलेली जादा किंमत गटारात गेली, आणि चांदी जंतुनाशक असल्याने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही ती बाधक ठरू शकते. क्वाटर्नरी संयुगे धाग्याला रासायनिक बंधाने जोडली तर ती जास्त टिकतात. पण मळाचा थर बसला की जंतूचा त्यांच्याशी स्पर्शच होत नाही. मळक्या कापडाला कोणताही लेप स्वच्छ करत नाही.

कौडगावच्या दृष्टीने

धाराशिव जिल्ह्यात असा उद्योग आला तर तो यांपैकी काय करू शकेल? कापडाला रसायनाचा लेप देण्याची यंत्रे वस्त्रोद्योगाला नवी नाहीत. कापड द्रावणातून काढून रुळांमध्ये पिळायचे, स्टेंटरवर वाळवायचे आणि उष्णतेने पक्के करायचे, ही प्रक्रिया राज्यातल्या प्रोसेस हाउसमध्ये नित्याची आहे. रुग्णालयातील चादरी, पडदे, शस्त्रक्रियेचे झगे, मच्छरदाण्या यांचे लेपन याच यंत्रांवर होऊ शकते. हात आणि डोळे कापडाला सरावलेला सोलापूरचा कामगार यात लवकर रुळेल, हे मानायला जागा आहे, जरी सुती टॉवेलचे अंगवळणी पडलेले रसायनशास्त्र कृत्रिम धाग्यावर चालणार नाही.

रक्तवाहिनी, जाळी किंवा टाक्याचा धागा ही मात्र वेगळी पायरी. तेथे 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, जोखमीनुसार चार वर्गांतून परवाना घ्यावा लागतो, स्वच्छ कक्ष लागतात, आणि लेप शरीरात गेल्यावर विषारी ठरत नाही हे आयएसओ 10993 या मालिकेतील चाचण्यांनी दाखवावे लागते. लेप चढवल्यानंतरचे निर्जंतुकीकरण हीच अनेकदा खरी अडचण असते, कारण वाफेच्या उष्णतेत प्रथिनाचा लेप निकामी होतो आणि मग इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरणांचा मार्ग धरावा लागतो.

मार्गदर्शन राज्यात उपलब्ध आहे. वरळीची सस्मिरा ही संस्था 1950 पासून आणि घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन 1954 पासून काम करत आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, 1933 च्या स्थापनेपासूनच वस्त्ररसायन हा विषय शिकवला जातो. वैद्यकीय वस्त्रांचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र मात्र कोइमतूरच्या 'सिट्रा'मध्ये आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला भूवस्त्रे आणि कृषिवस्त्रे यांची केंद्रे आली. त्यामुळे मराठवाड्यातील उद्योजकाला वैद्यकीय कापडासाठी तमिळनाडूशीही संबंध ठेवावा लागेल.

उरतो पाण्याचा प्रश्न. लेपनाला रंगाईपेक्षा कमी पाणी लागते, पण उरलेल्या द्रावणात जंतुनाशकच असते. असे सांडपाणी नेहमीच्या जैविक शुद्धीकरण केंद्रात थेट सोडले, तर केंद्रातले जिवाणू मरून ते केंद्रच बंद पडू शकते. त्यासाठी स्वतंत्र रासायनिक प्रक्रिया आधी करावी लागते. नळदुर्ग, अणदूर आणि तुळजापूर ही गावे कुरनूरच्या बोरी धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहेत, आणि पावसाने ओढ दिली की तो साठा तळ गाठतो, हे येथील रहिवाशांनी अनेकदा अनुभवले आहे. कौडगाव तेथून दूर असले तरी पाण्याचा तुटवडा जिल्ह्याला सर्वत्र सारखाच आहे. संकुलाचा आराखडा ठरताना भूखंडांच्या दराबरोबर ही स्वतंत्र प्रक्रिया कोणाच्या खर्चाने आणि कोठे होणार, हेही त्यात लिहिलेले असावे लागेल.